आयनिक द्रवात कार्बन डायऑक्साइड: सिम्युलेशनची पहिली फाइल कशी बांधायची

बडोद्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला कार्बन डायऑक्साइडचं शोषण नवं नसतं. फर्टिलायझरनगरला अमोनिया बनतो, तिथे सिन्थेसिस गॅसमधून हा वायू काढावाच लागतो. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत, कलाभवनात, मास ट्रान्सफर शिकताना अमाइनचा ॲब्सॉर्बर, म्हणजे वायू द्रवात शोषून घेणारा मनोरा, प्रत्येकाने वहीत काढलेला असतो. अडचण येते ती प्रोजेक्टला आयनिक द्रव घेतला की. ॲस्पेन प्लस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरच्या यादीत मोनोइथेनॉलअमाइन हे नेहमीचं अमाइन टाइप केलं की सगळे गुणधर्म आपोआप भरून येतात. तुम्हाला हवा तो आयनिक द्रव मात्र बहुधा यादीत नसतो, आणि असला तरी अर्धे रकाने रिकामे असतात. ते रकाने तुम्हालाच भरायचे आहेत, आणि जे भराल ते सॉफ्टवेअर निमूटपणे खरं मानतं. म्हणून या कामात फ्लोशीट काढणं दुय्यम आहे. खरं काम आहे ते प्रत्येक पायरीचं उत्तर हाताने आधी काढून ठेवण्याचं. खालची सगळी मांडणी त्याच पद्धतीने केली आहे.

कोणता द्रव, कोणता वायू

आयनिक द्रव म्हणजे खोलीच्या तापमानाला वितळलेलं मीठ. त्याचा बाष्पदाब जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे अमाइनसारखा तो वायूबरोबर उडून जात नाही. १९९९ साली जोन ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कार्बन डायऑक्साइड या द्रवांत भरपूर विरघळतो, पण द्रव मात्र त्या वायूत विरघळत नाही. तेव्हापासून या विषयावर संशोधन वाढत गेलं.

नवशिक्याने १-ब्यूटिल-३-मिथाइलइमिडाझोलियमचा टीएफटूएन (बिस-ट्रायफ्लुओरोमिथाइलसल्फोनिलइमाइड) क्षार घ्यावा. लॅबमध्ये त्याला नुसतं बीमिम-टीएफटूएन म्हणतात. रेणुभार ४१९.४, घनता २५ अंशांना साधारण १.४४ ग्रॅम प्रति घनसेंमी, व्हिस्कॉसिटी २५ अंशांना सुमारे ५० मिलिपास्कल-सेकंद आणि ५० अंशांना सुमारे २०. याच्यावर मोजमापं भरपूर झाली आहेत, आणि पहिल्या फाइलसाठी तोच मोठा फायदा आहे. जुन्या निबंधांत दिसणारा पीएफ-सिक्सचा (हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचा) द्रव टाळा. पाणी आणि उष्णता मिळाली की पीएफ-सिक्स आयनाचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड सुटू शकतं, आणि तुमच्या फीडमध्ये पाणी असणारच. ॲसिटेटचा द्रवही सध्या बाजूला ठेवा. तो वायूशी रासायनिक अभिक्रिया करतो, तिथे नुसत्या हेन्रीच्या नियमाने (विरघळलेला वायू त्याच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात असतो) भागत नाही. अभिक्रियांचे समतोल स्थिरांक द्यावे लागतात, ते पुढच्या टप्प्यावर.

आता वायू. बहुतेक जण सवयीने बॉयलरच्या चिमणीचा धूर घेतात. आधी हा हिशेब करा: धुरात १३ टक्के कार्बन डायऑक्साइड, एकूण दाब १.०५ बार, म्हणजे आंशिक दाब ०.१३७ बार. ४० अंशांना या द्रवाचा हेन्री स्थिरांक, म्हणजे आंशिक दाब भागिले द्रवातला मोल फ्रॅक्शन (एकूण मोलमधला वायूचा वाटा), सुमारे ४२ बार. द्रवातला मोल फ्रॅक्शन फार तर ०.१३७ भागिले ४२, म्हणजे ०.००३३. एक किलो वायू उचलायला जवळपास तीन टन द्रव फिरवावा लागेल, तोही समतोल पूर्ण गाठला असं धरून. भौतिक शोषणाचा आयनिक द्रव कमी दाबाच्या धुरासाठी नाही. ज्याला हे कळत नाही त्याचं सिम्युलेशन कन्व्हर्ज होतं, म्हणजे उत्तरावर स्थिरावतं, आणि तरीही निरर्थक असतं.

म्हणून उदाहरणाला बायोगॅस घेऊ. मंडईचा ओला कचरा आणि शेण यांतून निघालेला वायू, ६० टक्के मिथेन, ४० टक्के कार्बन डायऑक्साइड, ताशी ५०० नॉर्मल घनमीटर, २० बारपर्यंत दाबलेला. हायड्रोजन सल्फाइड आधीच काढलेला आहे असं धरा. गाडीत भरण्याच्या बायोगॅसचं भारतीय मानक, आयएस १६०८७, किमान ९० टक्के मिथेन आणि कमाल ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मागतं. तेच आपलं लक्ष्य.

सॉफ्टवेअर उघडण्याआधीचा कागद

५०० नॉर्मल घनमीटर म्हणजे ताशी २२.३ किलोमोल. त्यात कार्बन डायऑक्साइड ८.९२, मिथेन १३.३८. शुद्ध वायूत ४ टक्के ठेवायचा तर ०.५६ किलोमोल राहू द्यायचा, म्हणजे ८.३६ किलोमोल शोषायचा.

तापमान किती धरायचं? निबंधांत सगळीकडे २५ अंश सेल्सिअस असतं, कारण मोजमापं प्रयोगशाळेत होतात. बडोद्यात २५ अंशांचा द्रव फुकट मिळत नाही. इथे कूलिंग टॉवरच्या पाण्याचा कस मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लागत नाही, पावसाळ्यात लागतो, कारण टॉवर वेट बल्ब तापमानावर चालतो आणि ते दमट हवेत चढतं. पाणी ३२-३३ अंशांचं धरलं आणि एक्स्चेंजरमध्ये थोडं अंतर सोडलं, तर द्रव ४० अंशांना येईल असं मानणं रास्त. २५ अंशांना हेन्री ३३ बार, ४० ला ४२ बार. म्हणजे पुस्तकातलं तापमान तसंच उचललं, तर द्रवाची गरज सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी दिसेल.

फीडमधला आंशिक दाब ८ बार. समतोलाला मोल फ्रॅक्शन ८ भागिले ४२, म्हणजे ०.१९. एका मोल द्रवामागे ०.२३५ मोल वायू.

आता वायू सोडून मनोऱ्याकडे परत येणारा द्रव, म्हणजे लीन. नवशिके इथे हमखास घसरतात. वाटतं, दाब १ बारवर आणला की वायू सुटेल, काम झालं. पण १ बारच्या फ्लॅशमधून (दाब उतरवून वायू सुटू देणाऱ्या भांड्यातून) निघालेला द्रव १ बार कार्बन डायऑक्साइडशी समतोलात असतो. मनोऱ्याच्या माथ्यावर आपल्याला ४ टक्के, म्हणजे २० बारपैकी ०.८ बार हवा आहे. १ बारशी समतोलात असलेला द्रव ०.८ बारचा वायू शोषू शकत नाही, उलट आपल्यातला सोडेल. मनोरा कितीही उंच करा, द्रव कितीही ओता, ४ टक्के येणार नाही. सिम्युलेटर मात्र ‘अशक्य’ असं सांगत नाही. डिझाइन स्पेक (आपण दिलेलं लक्ष्य) कन्व्हर्ज झालं नाही इतकंच म्हणतो, आणि बिचारा विद्यार्थी इटरेशन वाढवत बसतो.

उपाय तीन: व्हॅक्यूम, उष्णता, किंवा हवेने स्ट्रिपिंग. उष्णतेचा हिशेब पुढे येतो. आपण ०.२ बारचं व्हॅक्यूम घेऊ. तिथे लीन द्रवात मोल फ्रॅक्शन ०.२ भागिले ४२, म्हणजे ०.००४८ उरतो.

किमान द्रव: ८.३६ भागिले (०.२३५ वजा ०.००५), म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमोल, वजनात १५ टन. प्रत्यक्षात किमानाच्या १.४ पट घ्या: ५१ किलोमोल, २१ टन, साधारण १५ घनमीटर प्रति तास. हे आकडे फाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. सिम्युलेटरचं उत्तर यांच्या आसपास यायला हवं.

एक तुलना इथेच करून टाका, कारण मोल फ्रॅक्शन या विषयात फार फसवतो. ४० अंशांना पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा हेन्री स्थिरांक २३०० बारच्या वर असतो. मोलमध्ये पाहिलं तर पाण्यापेक्षा आयनिक द्रव सत्तर पट कमी लागतो, आणि डोळे दिपतात. पण पाण्याचा रेणुभार १८, याचा ४१९. वजनात मोजलं तर पाणी ४५ टन आणि द्रव १५ टन, म्हणजे फरक तिपटीचा. पंप मोल उचलत नाही, किलो आणि घनमीटर उचलतो. कोणताही निबंध वाचताना विद्राव्यता मोलमध्ये दिली आहे की प्रति किलो, हे आधी बघा. रेणुभार जितका मोठा, तितका मोल फ्रॅक्शन देखणा दिसतो.

द्रवाला सॉफ्टवेअरमध्ये जन्म देणं

ॲस्पेन प्लस नसेल तर डीडब्ल्यूसिम वापरा. ते मुक्त स्रोत आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे त्याची शिकवण्याची सामग्री भारतात सहज मिळते. तिथे कंपाउंड क्रिएटर विझार्डमधून नवा घटक बनवता येतो. पुढचं वर्णन ॲस्पेन प्लसच्या शब्दांत आहे, कारण कॉलेजांत तेच जास्त दिसतं, पण तर्क दोन्हीकडे एकच.

कंपोनंट्सच्या पानावर कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाणी नेहमीसारखे घ्या. द्रवासाठी यूझर डिफाइंड विझार्ड उघडा आणि प्रकार ‘कन्व्हेन्शनल’ ठेवा. आयनिक हे नाव बघून त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणून दोन आयनांत फोडण्याचा मोह होतो. तो आवरा. धन-ऋण आयनांची जोडी एकच तटस्थ रेणू मानून हे गणित नीट सुटतं.

मग गुणधर्म.

रेणुभार आणि घनता मोजलेली द्या. क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि ॲसेंट्रिक फॅक्टर मोजलेले मिळणार नाहीत, कारण उकळण्याआधीच द्रवाचं विघटन होतं. ते गट-योगदान पद्धतीने काढतात. वाल्देर्रामा यांनी लिडरसन, जोबॅक आणि रीड यांच्या पद्धती जोडून २००७ मध्ये दिलेली रीत सर्वत्र वापरतात. या द्रवासाठी तीतून क्रांतिक तापमान सुमारे १२७० केल्विन आणि क्रांतिक दाब २७-२८ बार येतो. हे कागदी आकडे आहेत. त्यांची परीक्षा एकच: त्यांच्यावरून काढलेली घनता मोजलेल्या घनतेशी जुळते का. पाच टक्क्यांपलीकडे फरक गेला तर गट मोजताना चूक झाली आहे, पुन्हा मोजा. दोन मिथाइल कमी-जास्त होणं ही नेहमीची गफलत.

बाष्पदाब: पीएलएक्सएएनटीचा, म्हणजे ॲस्पेनमधल्या बाष्पदाबाच्या समीकरणाचा, पहिला आकडा मोठा ऋण द्या, म्हणजे बाष्पदाब नगण्य राहील. रकाना रिकामा सोडलात तर सॉफ्टवेअर क्रांतिक बिंदूंवरून स्वतःचा अंदाज लावतं आणि माथ्यावरच्या वायूत द्रव दिसू लागतो.

उष्माधारिता: द्रवाची २५ अंशांना साधारण ५६५ जूल प्रति मोल प्रति केल्विन, म्हणजे प्रति किलो १.३५ किलोजूल. ही थेट द्रवाच्या रकान्यात भरली तरी ॲस्पेनचा नेहमीचा मार्ग एन्थाल्पी काढताना आदर्श वायूच्या उष्माधारितेवरून बाष्पीभवनाची उष्णता वजा करत येतो. जो द्रव उकळतच नाही, त्याच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेला काय अर्थ? म्हणून आकडे भरल्यावर शुद्ध द्रवाचा ॲनालिसिस चालवा, ३०० ते ३५० केल्विन, आणि उष्माधारितेचा आलेख काढा. तो १.३५ ते १.५ किलोजूलच्या पट्ट्यात नसेल तर पुढे जाऊ नका. आधी एन्थाल्पीचा मार्ग बदला किंवा आदर्श वायूची उष्माधारिता अशी लावून घ्या की द्रवाचं उत्तर बरोबर येईल. ही तपासणी टाळलेल्या फाइलमध्ये शोषण बरोबर येतं आणि उष्णतेचे सगळे आकडे खोटे असतात, तेही कुठलीच लाल खूण न दिसता.

मोजमापांसाठी अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा आयएल-थर्मो हा डेटाबेस मोफत आहे. एकाच द्रवाची घनता, व्हिस्कॉसिटी, विद्राव्यता वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजलेली तिथे शेजारी शेजारी दिसते. नमुन्यात पाणी किती होतं तो रकाना जरूर वाचा. व्हिस्कॉसिटीच्या आकड्यांतला बराचसा गोंधळ त्यातूनच येतो.

हेन्री: दोन आकड्यांत बसणारं गणित

प्रॉपर्टी मेथड, म्हणजे समतोल काढण्याच्या समीकरणांचा संच, एनआरटीएल-आरके घ्या. द्रवाची बाजू एनआरटीएल, वायूची बाजू रेडलिच-क्वाँग. नुसतं एनआरटीएल घेतलं तर २० बारचा वायू आदर्श मानला जातो. मग हेन्री कंपोनंट्सचा एक गट करा आणि त्यात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन टाका. हा गट मेथडच्या पानावर निवडायला विसरू नका. गट केला पण निवडला नाही, असं फार वेळा होतं, आणि मग वायूची विद्राव्यता भलतीच येते.

बीमिम-टीएफटूएनमध्ये कार्बन डायऑक्साइडचा हेन्री स्थिरांक १० अंशांना २५.३ बार, २५ ला ३३.०, ५० ला ४८.७. हेन्रीचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि केल्विन तापमानाचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. तिन्ही बिंदू एका रेषेत येतात. समीकरण असं बसतं: लॉग हेन्री = ८.५३ − १५००/तापमान, जिथे हेन्री बारमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये. पास्कलमध्ये हवं असेल तर पहिला आकडा २०.०४ होतो. १५०० ला वायुस्थिरांकाने गुणलं की विरघळण्याची उष्णता मिळते, सुमारे १२.५ किलोजूल प्रति मोल. अमाइनमध्ये ती याच्या कित्येक पट असते, आणि इथे सोडवायला वायू सोपा असतो त्याचं कारण हेच.

आकडे टाकताना पानावरचं एकक स्वतः निवडा: बार आणि केल्विन. ॲस्पेन तापमानाचं एकक सेल्सिअस गृहीत धरून बसलं असेल तर तोच १५०० वेगळा अर्थ घेतो.

लगेच चाचणी. एक फ्लॅश ड्रम, आत १ किलोमोल द्रव आणि १ किलोमोल कार्बन डायऑक्साइड, २५ अंश, १ बार. द्रवात मोल फ्रॅक्शन ०.०३० यायला हवा. ०.०३ ऐवजी १ च्या जवळ आला किंवा दहाच्या घातांनी चुकला तर एककात घोळ आहे. वायूच्या बाजूला आयनिक द्रव किती दिसतो तेही बघा, शून्यच हवा. पाच मिनिटांच्या या चाचणीने पुढचे कित्येक तास वाचतात.

मिथेनसाठी ढोबळ अंदाज म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या दहापट हेन्री धरून सुरुवात करता येते, पण अहवालात जाणारा आकडा मोजलेल्या नोंदींवरूनच बसवा. मिथेन वाया जाण्याचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे.

हेन्रीची सरळ रेषा कमी मोल फ्रॅक्शनपुरतीच खरी. आपल्या रिच द्रवात, म्हणजे मनोऱ्याच्या तळातून वायू घेऊन निघालेल्या द्रवात, तो ०.१४ च्या आसपास असेल, तिथे पहिल्या फाइलपुरतं चालून जातं. दाब आणखी वाढवाल तर रेषा वाकते आणि प्रत्यक्ष विद्राव्यता सरळ रेषेच्या मागे पडते. मग तीन तापमानांची दाब-विद्राव्यता नोंद घेऊन डेटा रिग्रेशनने पेंग-रॉबिन्सनचा द्वयी स्थिरांक किंवा एनआरटीएलचे आकडे बसवा. डीडब्ल्यूसिममध्ये मी म्हणेन पेंग-रॉबिन्सननेच सुरुवात करा.

मनोरा

रॅडफ्रॅक हा ॲस्पेनचा मनोऱ्याचा ब्लॉक घ्या. कंडेन्सर नाही, रिबॉयलर नाही. कन्व्हर्जन्सच्या पानावर स्टँडर्ड पद्धतीत ‘ॲब्सॉर्बर’ पर्याय ‘येस’ करा आणि इटरेशनची मर्यादा २५ वरून १०० वर न्या. लीन द्रव पहिल्या स्टेजवर (स्टेज म्हणजे वायू आणि द्रव समतोलाला येतात असा मनोऱ्याचा एक टप्पा), वायू शेवटच्या स्टेजच्या खाली, म्हणजे सहा स्टेज असतील तर सातव्याच्या ‘अबव्ह स्टेज’ला. वायू चुकून सहाव्याच्या ‘अबव्ह स्टेज’ला दिला तर तळाची स्टेज निकामी होते, आणि उत्तर थोडंसंच बिघडत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

किती स्टेज? क्रेम्सरचं सूत्र वापरा. हेन्री भागिले दाब, ४२ भागिले २० म्हणजे २.१. शोषण गुणक, म्हणजे द्रवाचा मोल प्रवाह भागिले (२.१ गुणिले वायूचा मोल प्रवाह), तळाला साधारण १.३ आणि माथ्याला १.७ येतो, मधला १.५ धरा. ४० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर यायला सुमारे चार सैद्धांतिक स्टेज पुरतात. सहा घेऊन सुरुवात करा. वीस स्टेज टाकल्याने काही बिघडत नाही, पण मिळतही काही नाही.

उत्तर आलं की तापमानाचा आलेख बघा. हाताने: ८.३६ किलोमोल गुणिले १२.५ मेगाजूल, म्हणजे ताशी १०४ मेगाजूल उष्णता. ती २१ टन द्रव शोषतो, उष्माधारिता १.३५. वाढ साडेतीन-चार अंशांची. सिम्युलेटरमध्ये वीस अंश वाढ दिसली, किंवा तापमान उतरलं, तर मघाची उष्माधारितेची तपासणी तुम्ही टाळली आहे.

समतोल-स्टेजचं हे उत्तर आशावादी असतं. पाण्याची व्हिस्कॉसिटी १ च्या आसपास, या द्रवाची ४० अंशांनाही २५ च्या वर, आणि वायूचा द्रवातला डिफ्युजनही पाण्यातल्यापेक्षा मंद. चार सैद्धांतिक स्टेजसाठी लागणारी पॅकिंगची उंची पाण्याच्या मनोऱ्यावरून ठरवू नका. समतोलाची फाइल पूर्ण बसली की मगच रेट-बेस्ड मोडकडे (समतोल न मानता शोषणाचा वेग मोजणाऱ्या गणिताकडे) जा. तिथे व्हिस्कॉसिटी, पृष्ठताण, डिफ्युजन हे सगळं मोजलेलं द्यावं लागतं. विल्के-चँगसारखी सूत्रं लहान रेणूंच्या पातळ द्रावकांवर बेतलेली आहेत, आयनिक द्रवात ती भरवशाची नाहीत.

द्रव परत आणणं

रिच द्रव थेट १ बारवर सोडू नका. तळाला मिथेनचा आंशिक दाब १२ बार आहे, आणि दहापट हेन्री धरला तरी ताशी दीड-पावणेदोन किलोमोल मिथेन द्रवात जातो. म्हणजे आलेल्या मिथेनच्या दहा टक्क्यांहून जास्त. तो हवेत सोडणं हे पैशाचं नुकसान आणि त्याहून मोठं वातावरणाचं. म्हणून मध्ये एक फ्लॅश, ६ ते ८ बारच्या दरम्यान, आणि तिथून सुटलेला वायू कॉम्प्रेसरकडे परत. दाब नेमका किती, हे सेन्सिटिव्हिटी चालवून ठरवा: दाब उतरवत गेलं की मिथेन जास्त वाचतो, पण कार्बन डायऑक्साइडही परत फिरतो आणि कॉम्प्रेसरचं काम वाढतं.

मग १.१ बारचा फ्लॅश, शेवटी ०.२ बारचा. दोन टप्पे का? कारण १.१ बारलाच बहुतेक वायू सुटून जातो. व्हॅक्यूम पंपाकडे आठपैकी साधारण एकच किलोमोल येतो, ताशी दीडशे घनमीटरच्या आसपास. एकाच टप्प्यात ०.२ बारवर गेलात तर सगळा वायू व्हॅक्यूममधून ओढावा लागतो.

उष्णता देऊन वायू सोडवण्याचा विचार असेल तर हा आकडा बघा: २१ टन द्रव ३० अंशांनी तापवायला सुमारे २४० किलोवॅट. वायू सुटायला लागणारी उष्णता मात्र २९ किलोवॅटच. बाकी सगळी ऊर्जा नुसता द्रव तापवण्यात जाते. लीन-रिच एक्स्चेंजर नसलेली तापमान-बदलाची योजना म्हणूनच टिकत नाही.

पंपासाठी १५ घनमीटर आणि २० बार, म्हणजे ८ किलोवॅटच्या वर, कार्यक्षमता धरून १४. कॉम्प्रेसर तीन टप्प्यांत, मध्ये थंड करून, सुमारे ७० किलोवॅट अधिक परत फिरणाऱ्या वायूचं काम. तुमची फाइल एका टप्प्यात १ वरून २० बारवर गेली असेल तर बाहेर पडणारं तापमान बघा, लगेच कळेल.

लूप बंद करताना

लूप शेवटी बंद करा. आधी लीन द्रव हाताने दिलेल्या प्रवाहातून येऊ द्या आणि व्हॅक्यूम फ्लॅशमधून निघालेल्या द्रवाशी त्याची तुलना करा. दोन्ही दशांशांत जुळले की मगच जोडा, आणि टेअर (ज्या प्रवाहाचा अंदाज धरून लूप सोडवला जातो तो) म्हणून हाच लीन प्रवाह द्या, त्याचं जुनं उत्तर सुरुवातीचा अंदाज म्हणून ठेवून.

तरीही कन्व्हर्ज होत नसेल तर बहुतेक वेळा कारण पाणी असतं. बायोगॅस ओला येतो, आणि टीएफटूएनला पाणी-विरोधी म्हटलं तरी तो ओलावा धरतो. वजनात एक टक्का पाणी ऐकायला किरकोळ वाटतं. मोलमध्ये ते १९ टक्के होतं. लूपमध्ये पाणी यायला वाट आहे आणि जायला पुरेशी नाही, म्हणून प्रत्येक फेरीला ते साठत जातं आणि रिसायकल कधीच स्थिरावत नाही. पहिल्या फाइलमध्ये फीड कोरडं करून घ्या. दुसऱ्यात कॉम्प्रेसरनंतर नॉकआउट (पाण्याचे थेंब वेगळे करणारं भांडं) आणि ड्रायर टाका, आणि मग उरलेलं पाणी व्हॅक्यूममधून किती निघतं ते बघा.

दुसरं कारण मेकअप, म्हणजे घट भरून काढायला टाकलेला नवा द्रव. बाष्पदाब शून्य दिल्यामुळे सिम्युलेटरमध्ये द्रव कुठेच हरवत नाही. मेकअपचा प्रवाह ठरावीक दराने सोडला तर लूपमध्ये द्रव वाढतच राहील. मेकअप बॅलन्स ब्लॉकने जोडा, म्हणजे जितका गेला तितकाच येईल, आणि इथे तो शून्य येईल. खऱ्या प्लांटमध्ये थेंब वायूबरोबर डिमिस्टर या थेंब अडवणाऱ्या जाळीपलीकडे जातात आणि द्रव हळूहळू खराबही होतो. ही घट अहवालात वेगळी, हाताने धरलेली म्हणून लिहा, कारण इतक्या महाग द्रवाच्या बाबतीत खर्चाचं गणित तिच्यावरच पलटतं.

शेवटी चार गोष्टी तपासा: प्लांटच्या सीमेवर कार्बन डायऑक्साइडचा जमाखर्च, माथ्यावरच्या वायूत ४ टक्के, लूपमधला एकूण द्रव दोन रनमध्ये सारखाच, आणि भरलेल्या प्रत्येक गुणधर्माशेजारी तो कुठून घेतला याची नोंद. नोंद फाइलच्या आतच, त्या घटकाच्या कॉमेंट्समध्ये करा, म्हणजे फाइल दुसऱ्याच्या हातात गेली तरी आकडा कुठला हे त्याला विचारावं लागणार नाही.